दोन ओळींचा रकाना

[दृश्य : कॉलेजच्या प्रवेशअर्जाचा कागद, अगदी जवळून. पेनाचं टोक टेबलावर वाजतंय.]

नाव लिहून झालं. जन्मतारीख, पत्ता, आधीच्या परीक्षेचे गुण, सगळं भराभर भरून झालं. पेन अडलंय ते इथे : ‘आपण प्रवेश का घेऊ इच्छिता?’ खाली दोन ओळींची जागा.

ती ‘ज्ञान’ लिहिते. खोडते. मग ‘करिअर’. तेही खोडते. शेवटी शेजारच्या मुलाच्या अर्जात हळूच डोकावते. त्याने लिहिलंय, ‘उज्ज्वल भवितव्यासाठी’. ती तेच उतरवते, फक्त ‘उज्ज्वल’ काढून ‘चांगल्या’ घालते. नक्कल केल्यासारखं दिसायला नको ना!

[दृश्य : वर्गाबाहेर मुलांची गर्दी. आवाज हळूहळू कमी होत जातो.]

२००० साली जगभरात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी होते साधारण दहा कोटी. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २०२०पर्यंत ते साडेतेवीस कोटींच्या घरात गेले. वीस वर्षांत माणसाची ज्ञानाची तहान दुपटीहून जास्त वाढली, असं काही म्हणता येणार नाही. मग वाढलं काय?

समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३मध्ये याचं एक साधं गणित मांडलं होतं. कॉलेजच्या वयाच्या शंभर मुलांपैकी पंधराएक विद्यापीठात जातात, तोवर तिथे जाणं हा मान असतो. त्याहून जास्त जायला लागली, की तो हक्क वाटू लागतो. आणि निम्म्याहून अधिक गेली, की ते जवळपास कर्तव्यच होऊन बसतं. म्हणजे जो जातो त्याला कुणी ‘का?’ विचारत नाही. जो जात नाही, त्याला मात्र चारचौघांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जातला ‘प्रवेश का?’ हा प्रश्न फसवा आहे तो इथेच. कधीतरी, कुठेतरी बसून निर्णय घेतला गेला, असं तो गृहीत धरतो. बऱ्याच घरांत तो घेतलेलाच नसतो. आईवडील दोघेही पदवीधर असले की ‘जायचं का?’ हा विषयच निघत नाही. चर्चा होते ती ‘कुठे जायचं?’ आणि ‘काय घ्यायचं?’ याची.

खरा निर्णय करावा लागतो तो घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्याला.

[दृश्य : संध्याकाळचं घर. वडील पाठमोरे. मुलगी दारात उभी.]

दोन दिवस तिने वाक्य मनात घोळवलंय.

‘बाबा, मला पुढे शिकायचंय.’

‘किती वर्षं?’

ती सांगते.

‘मग नोकरी लागेल?’

‘लागेल.’

लागेल की नाही, हे तिला कुठे माहीत आहे? पण या घरात, या माणसापुढे, या क्षणी चालणारं उत्तर एवढंच आहे. मैत्रिणी तिकडे चालल्यात, स्वतःची खोली मिळेल, आपण कोण, कुणाचे कोण, हे जिथे कुणालाच ठाऊक नाही अशा जागी एकदा राहून बघायचंय, हे कसं सांगणार? ते सगळं पोटातच राहतं. नोकरी तेवढी ओठावर येते. आणि एकदा वडिलांना दिलेलं उत्तर पुढे अर्जात, मुलाखतीत, सर्वेक्षणात तसंच्या तसं चालत राहतं.

तरी नोकरीचं कारण खोटं आहे, असं कुणी समजू नये. अमेरिकेत १९६६पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं एक मोठं सर्वेक्षण होत आलं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं म्हणत होती, जगण्याला अर्थ देणारा विचार शोधणं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. भरपूर पैसा महत्त्वाचा म्हणणारे निम्म्याहून कमी होते. वीस वर्षांनी पारडं फिरलं : पैसा तीन चतुर्थांशाच्या आसपास, आणि जगण्याचा अर्थ चाळिशीच्या खाली घसरलेला. पोरं लोभी झाली, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

[दृश्य : नोकरीची जाहिरात. कॅमेरा एका ओळीवर थांबतो : ‘किमान पात्रता : पदवी’.]

मायकल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३मध्ये दाखवलं, की पदवी ही एक खूण म्हणूनही काम करते. उमेदवार आतून कसा आहे, हे मालकाला दिसत नाही, कागद दिसतो. पुढे २००१ साली त्यांना याच विषयातल्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. पण आता गंमत बघा. ही खूण जितक्या जास्त जणांकडे, तितकं ती नसणाऱ्याचं अवघड. सगळे टाचा उंचावून बघायला लागले, की कुणालाच जास्त दिसत नाही, आणि खाली उभं राहण्याची सोयही उरत नाही.

[दृश्य : प्रश्नावलीची पानं.]

मानसशास्त्रज्ञांनी हाच रकाना जरा मोठा करून पाहिला. कॅनडातल्या रॉबर्ट व्हॅलेरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत प्रश्न एकच : कॉलेजला का जाता? उत्तरादाखल २८ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. नवं शिकण्याचा आनंद म्हणून, पुढे बरा पगार मिळावा म्हणून, आपण हुशार आहोत हे स्वतःलाच दाखवून द्यायचं म्हणून. आणि एक विधान साधारण या अर्थाचं : पूर्वी माझ्याकडे चांगली कारणं होती, आता मात्र हे चालू ठेवावं की नाही, असा प्रश्न पडतो.

कॅनडातल्याच जेम्स कोटे आणि चार्ल्स लेव्हाइन यांनी १९९७मध्ये कारणांचे पाच गट केले. करिअर, बौद्धिक ओढ, इतरांसाठी काही करण्याची इच्छा, घरच्यांची अपेक्षा. आणि पाचवं : दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

मला या पाचव्याबद्दल आपुलकी आहे. ते कुठल्याच अर्जात लिहिलं जात नाही. अठराव्या वर्षी ‘बघू, पुढचं पुढे’ म्हणायला समाज ज्या मोजक्या जागा देतो, त्यातली विद्यापीठ ही सगळ्यात प्रतिष्ठित. नुसतं घरी बसलं तर वाया गेला म्हणतात. इथे बसलं तर शिकतोय म्हणतात.

[दृश्य : तोच वर्ग, काही महिन्यांनी. मधले बाक रिकामे.]

विद्यार्थी टिकतो की निघून जातो, यावर व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५मध्ये जो सिद्धांत मांडला, त्यात येताना आणलेल्या हेतूला जागा आहे. पण आल्यावर अभ्यासाशी आणि माणसांशी नाळ जुळते का, यावर त्यांचा भर जास्त आहे.

‘उज्ज्वल भवितव्य’ लिहिणारा मुलगा तिसऱ्या बाकावर बसायचा. हल्ली दिसत नाही.

[दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली ती.]

तास संपलाय. बाकीचे निघालेत. काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा आहे, विटा रचाव्यात तशा पेशी, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. तो नीट दिसत नाहीये. ती डोळा न हलवता चक्री किंचित फिरवते.

‘येतेस ना?’ दारातून कुणीतरी विचारतं.

‘थांब गं, एक मिनिट.’