बोरानांची विहीर, आणि वेळ उरला तर विमा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय 'दुष्काळ, पशुविमा आणि विषमता' असा छापलाय आणि मी त्यावर बोलणारच आहे, पण विम्याकडे जायची वाट विहिरीवरून जाते म्हणून आधी विहीर. अध्यक्षांनी पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारातच गेली, तेव्हा लगेच सुरू करतो.

दक्षिण इथिओपियात याबेलो, दुबुलुक या बाजूला बोराना लोकांचा मुलुख आहे. ओरोमो समाजातले हे पशुपालक. त्यांच्या मधूनच केनियाची सीमा गेलीये, काही भाऊबंद पलीकडे मार्साबितकडे. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मेचा मोठा, त्याला गन्ना म्हणतात, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरचा छोटा, तो हगाया. एक चुकला तर लोक सोसतात, लागोपाठ चुकले की मग अवघड. मी पडलो जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे मला आधी गाय माहीत झाली, माणसं नंतर. बोरान नावाची वशिंडाची गाय, पांढुरकी, कमी पाण्यावर आणि वाळल्या गवतावर तगणारी, केनियातल्या गोऱ्यांच्या रँचवर तिची निवड पैदास झाली आणि ती ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. दूध किती देते असं आत्ता कोणीतरी पुटपुटलं बघा! आपल्याकडे गाय म्हटलं की पहिला प्रश्न हाच. अहो, जिथे तिसऱ्या दिवशी पाणी मिळतं तिथे ती जिवंत राहून वासराला पाजून वर घरात दूध देते हेच खूप झालं.

तर विहीर. त्यांच्या खोल विहिरींना 'तुला' म्हणतात, तुला-मला मधला तुला नव्हे. (बरं, नाही हसलात, पुढे जाऊ.) नऊ ठिकाणी या विहिरींचे समूह आहेत, शतकांपूर्वी हातांनी खणलेले, काही विहिरी तीस मीटरपर्यंत खोल. आधी जमीन खणून उतरता रस्ता केलेला, गुरं त्यावरून खाली येतात, तिथे मातीच्या डोण्या, आणि तिथून खरी विहीर सुरू. तिच्यात माणसं एकावर एक उभी राहतात, खोल विहीर असेल तर दहा-पंधरा माणसं, आणि खालून वर बादली हातोहात येते, रिकामी परत खाली जाते. ही बादली पूर्वी जिराफाच्या नाहीतर रानरेड्याच्या कातड्याची असायची, आता प्लास्टिकची. हे सगळं गाण्याच्या तालावर चालतं, गाणी गायींच्या कौतुकाची, म्हणून पर्यटक त्यांना गाणाऱ्या विहिरी म्हणतात आणि व्हिडिओ काढून निघून जातात.

मला जे सांगायचंय ते गाण्याच्या मागे आहे. ज्याच्या पूर्वजाने विहीर खणली त्याच्या वंशजाला कोन्फी म्हणतात, मान त्याचा, पहिला नंबर त्याचा. पण विहीर त्याच्या एकट्याची नाही, ती कुळाची, आणि पाणी विकायचं नाही. नंबर कोणाचा कधी हे ठरवायला एक माणूस नेमलेला असतो, आबा हेरेगा. आबा आपल्याही गावात असतात, पण तिथले आबा रोज सकाळी विहिरीवर हजर असतात. कोण कोणत्या कुळाचा, कोणी गाळ काढायला माणसं दिली, कोण दुरून आलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला नंबर नाही, वाटसरूला नाही म्हणायचं नाही. आता यात समता आहे असं मी म्हणत नाही हं, कोन्फीची गुरं आधी पितात आणि पाहुण्याची शेवटी. विहिरीत उतरतात ते बहुतेक पुरुष, घरचं पाणी पाठीवरून वाहून नेतात बायका. पण तिथे पाणी मिळतं ते हातांच्या बदल्यात. ज्याची गुरं शंभर त्याला बादली ओढायला तेवढी माणसं आणावी लागतात, आणि ज्याच्याकडे चारच गायी पण दोन तरणे मुलगे आहेत त्याचीही तिथे किंमत असते.

मग सरकारं आली, संस्था आल्या, डिझेल पंपाच्या बोअरवेल आल्या आणि यंत्राने खणलेली तळी आली. चांगलंच आहे, तीस मीटरवरून बादली ओढण्यात कसली रम्यता, ओढणाऱ्याच्या खांद्याला विचारा. पण पंपाला डिझेल लागतं, म्हणून पैसे आले, आणि चार गायी नि दोन मुलगे असलेल्याच्या हातांची किंमत एकदम शून्य झाली. शिवाय पावसाळी चराईच्या रानात तळी झाली तिथे लोक बारमाही राहायला लागले, त्यामुळे उन्हाळ्यासाठी राखायचं काय आणि हलायचं कुठे हा हिशोबच बिघडला.

इथे एक पक्षी सांगतो, विषयाबाहेरचा आहे, अध्यक्ष घड्याळ बघतायत ते मला दिसतंय. पण हा सांगितल्याशिवाय मी उतरत नाही.

या लोकांना मध दाखवणारा एक पक्षी आहे, चिमणीपेक्षा मोठा, मातकट रंगाचा, दिसायला काही खास नाही. त्याला मेण पचतं पण मधमाश्यांचं पोळं फोडता येत नाही, माणसाला फोडता येतं पण सापडत नाही. म्हणून पक्षी माणसाजवळ येऊन कलकलाट करतो, थोडं उडतो, थांबतो, मागे बघतो. बोराना माणूसही मुठीत फुंकून किंवा पोकळ फळात फुंकर मारून शीळ घालतो, ती किलोमीटरभर ऐकू जाते, फुलिदो तिचं नाव. हे लोक म्हणायचे की पक्षी कुठे बसतो, किती वेळ गायब होतो यावरून आम्हाला दिशा कळते, अंतरही कळतं. ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांना वाटायचं ठीक आहे, लोककथा आहे. मग केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातले हुसेन अदान इसाक आणि जर्मन शास्त्रज्ञ रेयर यांनी उत्तर केनियात वर्षानुवर्षं मोजमाप केलं आणि १९८९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापलं. अनोळखी रानात पक्ष्याशिवाय पोळं शोधायला सरासरी ८.९ तास, पक्षी सोबत असेल तर ३.२ तास! आणि पक्ष्याने दाखवलेल्या पोळ्यांपैकी ९६ टक्के अशी की माणसाने फोडल्याशिवाय पक्ष्याला तिथे पोचताच आलं नसतं. दिशा नि अंतराबद्दल लोक सांगत होते तेही खरं निघालं. आता फार प्रेमात पडू नका, हाच पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू बाहेर आल्या आल्या चोचीच्या आकड्याने घरमालकाची पिल्लं मारतं. आणि माणूस तरी कुठे साधा, टांझानियातले हाड्झा लोक मध काढल्यावर मेण पुरून किंवा जाळून टाकतात, म्हणजे पक्षी भुकेला राहून पुढचं पोळं दाखवेल.

हे सांगायचं कारण म्हणजे या लोकांचं म्हणणं न तपासता उडवून लावायची सवय अजून गेलेली नाही. मी एका कार्यशाळेत बसलो होतो, कोणाची ते राहू द्या, तिथे एक तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते की या लोकांना गुरांची हाव आहे, अर्धी विकून टाका म्हणजे गवतही वाचेल आणि दुष्काळात मरणार नाहीत. मी हात वर केला, माईक काही माझ्यापर्यंत आला नाही, तेव्हा ते उत्तर आज इथे देतो. तुमच्यावरच, नाइलाज आहे. बोराना माणसाला गुरं किती असं विचारणं म्हणजे आपल्याकडे पहिल्या भेटीत पगार विचारण्यासारखं आहे, तरी अभ्यासकांनी कसंबसं विचारून सतरा वर्षांचा हिशोब जमवला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की कळप साधारण पंधरा गुरांच्या वर असेल तर दुष्काळानंतर तो पुन्हा वाढतो, खाली गेला की घसरत घसरत एकावर येतो. कारण दूरच्या गवतावर कळप न्यायला माणूस लागतो, वाटेत त्याला प्यायला दूध लागतं, आणि घरी राहिलेल्या पोरांनाही दूध लागतं. चार गायींत हे दोन्ही भागत नाही, म्हणून गरीब गावाजवळच राहतो, जिथलं गवत आधीच संपलेलं असतं. म्हणजे ज्याला हाव म्हणतात ती पंधराच्या वर राहायची धडपड आहे.

दहा मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आलीये. पळतो.

त्यांची स्वतःची सोय होती. बुसा गोनोफा म्हणून पद्धत आहे, ज्याची गुरं गेली त्याला कुळाची बैठक गायी गोळा करून देते. दबरे म्हणून दुसरी, गाय दुभत्यापुरती द्यायची, मालकी देणाऱ्याचीच. यात श्रीमंताचाही फायदा असतो, त्याची गुरं चार ठिकाणी विखुरलेली राहतात. पण २०२० पासून लागोपाठ पाच पाऊस चुकले, एकट्या बोराना विभागात तीस लाखांवर जनावरं गेली असा तिथल्या प्रशासनाचा आकडा आहे. सगळ्यांचीच गेल्यावर गोळा कोणाकडून करणार?

त्याच्या आधीच विमा आला होता, २०१० मध्ये मार्साबितला, २०१२ मध्ये इथिओपियाच्या बोरानात, नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. कल्पना हुशार आहे, मेलेली गुरं मोजायला माणूस पाठवायचाच नाही, उपग्रहातून हिरवळ मोजायची, ती ठरावीक पातळीखाली गेली की त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे. अडचण अशी की उपग्रहाला हिरवं दिसतं, खाण्याजोगं कोणतं ते दिसत नाही. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारने रान पेटवायला बंदी केली, त्याआधी लोक ठरवून जाळायचे आणि गवत येऊ द्यायचे, बंदीनंतर काटेरी बाभळीची झुडपं माजली. ती हिरवीच दिसतात, पण गाय ती खात नाही, उंट नि शेळी खाते. ज्याला परवडलं त्याने उंट घेतला, न परवडणाऱ्याकडे शेळ्या आल्या, म्हणजे झुडपांनीही माणसं वेगळी केली.

आणि हप्ता. पंधराच्या जरा वर असलेल्याला विमा खाली पडू देत नाही, त्याच्यासाठी तो सोन्यासारखा. जो आधीच खाली आहे त्याला हप्ता भरायला शेळी विकावी लागते. म्हणून केनिया सरकारने २०१५ मध्ये आपल्या बाजूच्या काही कोरड्या जिल्ह्यांत गरीब कुटुंबांचा पूर्ण हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली, हे चांगलंच केलं. पण एका कुटुंबामागे मोजून पाच गायींइतक्याच जनावरांचा, आणि सीमेपलीकडच्या त्या अभ्यासात उंबरठा निघाला होता पंधराचा. बाकी प्रश्नोत्तरात बोलू.