कोतोचे कागद कोणी नेले?

मंडळी, अध्यक्षांनी ‘पोर्तुगीज इतिहासकार’ म्हणताच मागच्या रांगेत मोबाईल बाहेर आले, ते मला इथून दिसलं. पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, आम्हाला काय सांगता, संभाजीराजांची १६८३ ची स्वारी सांगा! पण आजचा आपला विषय, इतिहासकार आणि कवी दियोगो दो कोतो, १५५९ साली कोवळ्या वयात शिपाई म्हणून आला, मधला थोडा काळ सोडला तर इकडेच राहिला, गोव्यातच संसार केला आणि १६१६ साली इथंच मेला. हा उपरा, तर मग फ्लॅट घेऊन शनिवार-रविवार येणारे कोण?

१५६९ साली तो मायदेशी निघाला. वाटेत मोझांबिकला त्याला कामोइंश भेटला. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात पुतळा आहे, तोच महाकवी. मित्रांच्या जेवणावर जगत होता. कोतो आणि मंडळींनी त्याचे कपडेलत्ते पाहिले, त्याला घेऊन गेले. ‘लुझियाद’ या आपल्या महाकाव्यावर तो शेवटचा हात फिरवत होता. शिवाय एक कवितासंग्रह लिहीत होता, तो चोरीला गेला. आता गंमत ऐका. कोतोच्या इतिहासग्रंथाच्या खंडांना ‘दशकं’ म्हणतात. हे सगळं त्यानं ज्या आठव्या ‘दशकात’ लिहिलं, त्याची हस्तप्रतही चोरीला गेली! नववंही गेलं. म्हाताऱ्यानं आजारपणातून उठून जमेल तेवढं आठवून पुन्हा लिहिलं.

आमच्या घरी मोडीतलं एक बाड होतं. एक अभ्यासक आले. शिरवाळ्या खाल्ल्या, आईच्या पाया पडले, ‘झेरॉक्स काढून परवा आणतो’ म्हणाले. फोन केला की काम चालू आहे. नंतर फोनच उचलेनात. पुढं त्यांच्या एका लेखात आमच्या बाडातली वाक्यं दिसली, खाली ‘खाजगी संग्रह’. कोणाचा हो संग्रह? वाळवी बरी, ती निदान लेख लिहीत नाही.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. बरं.

विषय होता कवी कोतो. कविता त्यानं केल्या, पण हाती काही लागत नाही. ‘लुझियाद’वर त्यानं लिहिलेलं भाष्यही गेलं. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्यातला कवी इतिहासात शोधा. घारापुरीची लेणी वाचा, सातव्या दशकात आहेत. तिथला शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तो वाचणारा कोणी मिळाला नाही, असं तोच सांगतो. तो दगडही आता सापडत नाही. दुसरं, १५९५ साली गोव्याचं दप्तरखानं ज्याच्या हाती सोपवलं, त्याचेच कागद चोरीला जातात, हा योगायोग मला पटत नाही. ‘सोल्दादु प्रातिकु’, म्हणजे ‘अनुभवी शिपाई’, या त्याच्या पुस्तकात एक जुना शिपाई अधिकाऱ्यांची लाचखोरी तोंडावर सांगतो. त्याचा पहिला खर्डाही पळवला गेला, पुस्तक छापलं गेलं १७९० साली. चोर कोण, याचा पुरावा नाही, पण निरक्षर नक्कीच नव्हता.

अकराव्या दशकावर बोलायचं राहिलं. ते हरवलेलंच आहे, तेव्हा तेवढा वेळ वाचला. चहा घ्या.