ऊन होतं, लाईट नव्हती

[दृश्य: मोडलेली सुपारीची बाग. नंतर स्लॅबवरची सोलर पॅनेल.]

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब लोळले. काही गावांत लाईट यायला आठवडे लागले.

माझ्या काकांचं घर याच पट्ट्यात आहे. कौलं गेली, पण मागच्या स्लॅबवरची तीन किलोवॅटची पॅनेल जागची हलली नाहीत. आभाळ उघडलं, कडक ऊन पडलं, तरी घरात पंखा बंद, विहिरीवरचा पंप बंद. काकू रोज विचारायची, "अहो, वर ऊन आहे, पॅनेल आहेत, मग लाईट का नाही?"

काकूचा प्रश्न रास्त होता, आणि आज तो अनेक घरांचा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगावी छपरांवर पॅनेल चढली. त्यातली बरीच काकांसारखीच आहेत, ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली आणि बॅटरी नसलेली. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा त्यांचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनच्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या तालावर चालतो. लाईन गेली की तो लगेच थांबतो, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. कारण त्या वेळी महावितरणचा जनमित्र, म्हणजे आपला वायरमन, खांबावर चढलेला असतो.

[दृश्य: जुना डिझेल जनरेटर. हॅण्डल मारणारा हात.]

मग काकांनी पाच केव्हीएचा एक जुना डिझेल जनरेटर आणला आणि ओळखीच्या एका मिस्त्रीने एक युक्ती सुचवली. मेन स्विच पाडायचा आणि जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा. सोलरच्या इन्व्हर्टरला वाटेल लाईन आली, आणि तोही चालू होईल.

झालं तसंच. मिनिटभर इन्व्हर्टरने वाट पाहिली, मग खट्‌ आवाज करून जोडला गेला. घरात तेव्हा एक फ्रिज आणि चार दिवे चालू होते, जेमतेम तीनशे वॅट. वरून दोन किलोवॅटच्या पुढे वीज येऊ लागली. उरलेली जाणार कुठे? बाहेरच्या लाईनला ती सहज पचते, जनरेटरला नाही. वीज उलटी त्याच्यातच शिरू लागली. उतारावर गाडी न्यूट्रलला सुटावी तसा इंजिनाचा आवाज चढत गेला, दिवे पांढरेफटक झाले, मग इन्व्हर्टर तुटला. परत मिनिटभराने जोडला, परत तुटला. तिसऱ्या वेळी फ्रिजमधून करपल्याचा वास आला आणि काकांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं.

फ्रिजचं कार्ड गेलं, ते भरून आलं. पण मेन स्विच पाडायला कोणी विसरलं असतं तर? जनरेटरचे 230 व्होल्ट उलटे डीपीत जातात, आणि तोच ट्रान्सफॉर्मर ते चढवून पलीकडे 11,000 व्होल्ट करतो. तार मेलेली समजून हात लावणाऱ्या माणसाला हे कळायला मार्ग नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीच्या सॉकेटात खुपसून घर चालवणारे लोक मी पाहिले आहेत. हात जोडून सांगते, ती वायर आज कापून टाका.

[दृश्य: भिंतीवरचा नवा इन्व्हर्टर, खाली दोन बॅटऱ्या.]

पुढे काकांनी हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियमच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. एकेक 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची, म्हणजे दोन्ही मिळून दहा युनिट. लाईन गेली की हा इन्व्हर्टर आतला रिले उघडून घराला बाहेरच्या तारांपासून तोडतो आणि मग स्वतःचा ताल धरतो. दिवसा ऊन, रात्री बॅटरी. पावसाळ्यात मात्र चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा जनरेटर लागतोच.

या इन्व्हर्टरला जनरेटरसाठी वेगळं टर्मिनल आहे. ज्याला ते नसतं, तिथे लाईनच्या टर्मिनलआधी चेंजओव्हर स्विच बसवतात, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा: एकीकडे लाईन, मध्ये शून्य, दुसरीकडे जनरेटर. शिवाय सेटिंगमध्ये बाहेर वीज सोडणं बंद करावं लागतं, नाहीतर काकांच्या फ्रिजची गत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चार्जिंगचं गणित. पाच केव्हीएचा जनरेटर प्रत्यक्षात, 0.8 पॉवर फॅक्टर धरून, चार किलोवॅट देतो. इन्व्हर्टरला मोकळं सोडलं तर तो बॅटरीसाठी शंभर अँपिअर मागतो, म्हणजे एकट्या बॅटरीलाच पाच किलोवॅट. इंजिन काळा धूर ओकतं आणि गुदमरून बंद पडतं. काकांनी मर्यादा चाळीस अँपिअरवर आणली, साधारण दोन किलोवॅट. घराचा संध्याकाळचा एक किलोवॅट धरला तर इंजिनावर पाऊण भार पडतो, आणि डिझेल इंजिन अशाच भाराखाली सुखात असतं. पूर्वी ते रात्रभर दोन पंखे आणि फ्रिजसाठी धडधडायचं. अर्धवट जळालेल्या डिझेलचा काळा चिकटा सायलेन्सरमधून गळायचा आणि सकाळपर्यंत सात-आठ लिटर संपायचं. आता अंधार पडताना दोन-अडीच तास चालतं, तीन-साडेतीन लिटरमध्ये बॅटरीत पाचेक युनिट भरतं आणि रात्र शांत जाते.

[दृश्य: टेस्टर दोन्ही तारांना लावून दाखवताना.]

हे बघा. जनरेटरच्या दोन्ही तारांना टेस्टर मंद पेटतोय. म्हणजे त्याचा न्यूट्रल अर्थिंगला बांधलेलाच नाही. अशा वेळी कोणाला शॉक बसला तरी ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, पडेलच असं नाही. काकांच्या इलेक्ट्रिशियनने जनरेटरपाशी, एकाच जागी, न्यूट्रल आणि अर्थ जोडले. हे काम त्याच्याकडूनच करून घ्या.

इंजिन ठेवलंय गोठ्याच्या मागे, उघड्यावर, वर फक्त पत्रा. पाऊस लागतो म्हणून ते पडवीत आणायचा मोह होतो. आणू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही.

[दृश्य: वही. पेन्सिलीने लिहिलेले आकडे.]

महिन्याच्या पहिल्या तारखेला काका जनरेटर अर्धा तास चालवतात, भारावर. रिकामा असताना मीटर 52 हर्ट्झ दाखवतो, चार्जिंग सुरू झालं की 50 आणि थोडं वर. रिकामं इंजिन थोडं वेगात पळतं, म्हणून इन्व्हर्टरमध्ये जनरेटरसाठी फ्रिक्वेन्सीची, म्हणजे या हर्ट्झच्या आकड्याची मुभा जरा रुंद ठेवली आहे, नाहीतर तो त्याला नाकारत बसायचा.

आकडे वहीत उतरतात. व्होल्ट, हर्ट्झ, डिझेल, तेल बदलल्याची तारीख. काकू टॉर्च धरते.

"एक्कावन्न पॉइंट आठ," काका म्हणतात.

"भार टाका आता," काकू म्हणते.