परिच्छेद कोठे तोडावा?

श्रोतेहो, नमस्कार.

निबंध कसा लिहावा हे शाळेत शिकवले जाते, तेव्हा प्रस्तावना, मुख्य भाग आणि समारोप असे तीन भाग सांगितले जातात. परंतु त्या मुख्य भागाचे परिच्छेद कोणत्या आधारावर पाडायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. परिणामी पुष्कळ मंडळी सात-आठ ओळी भरल्या की नव्या ओळीवर जातात आणि परिच्छेद झाला असे समजतात. आज माझे म्हणणे एवढेच आहे की परिच्छेद हे एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न कोणता हे लेखकाला पहिला खर्डा लिहून झाल्याखेरीज सहसा कळत नाही.

उदाहरण म्हणून लोणारचे सरोवर घेऊ. समजा, एखाद्याने या विषयावरच्या पहिल्या खर्ड्यात असे लिहिले आहे: "लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. तेथील पाणी खारट आहे. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे. 2020 च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हे सरोवर उल्केच्या आघाताने तयार झाले. त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे." यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, तरीही ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कारण तपासण्याची एक सोपी रीत आहे. यातील कोणत्याही दोन वाक्यांची जागा बदलून पाहा. मोठेसे काहीच बिघडत नाही. ज्या परिच्छेदातील वाक्ये अशी हवी तशी हलवता येतात, त्यात एका वाक्याला पुढच्या वाक्याची गरज निर्माण झालेलीच नसते.

म्हणून हा खर्डा चुकला असे मात्र मी म्हणणार नाही. पहिला खर्डा असाच असतो, आणि तो शुद्धलेखनाची फिकीर न करता घाईने उतरवून काढणेच श्रेयस्कर. खरे काम त्यानंतरचे. खर्डा एक-दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग पेन्सिल घेऊन समासात प्रत्येक वाक्यासमोर लिहावे, की हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते. वरच्या खर्ड्यात असे केले की निदान चार प्रश्न बाहेर पडतात, आणि त्यांपैकी सर्वांत दमदार प्रश्न असा निघतो: हा खड्डा उल्केनेच झाला, हे कशावरून?

आता याच एका प्रश्नाला धरून परिच्छेद लिहू. "लोणारचा खड्डा ज्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे, तो खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसातून बनलेला असल्यामुळे, खड्डाही ज्वालामुखीनेच झाला असावा, असे पूर्वीच्या अनेक अभ्यासकांना वाटत होते. मात्र 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, येथील खडकाच्या नमुन्यांमध्ये मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचे नोंदवले गेले. ही काच खडकातील खनिजावर अचानक प्रचंड दाब पडला तरच बनते. एवढा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. तो उल्का आदळल्याने होतो." येथे वाक्यांची अदलाबदल करून पाहा. एकही हलत नाही.

ही बांधणी कशाने झाली, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि त्याच्या अगदी आधीच्या जागेवर वाक्याचा भार पडतो. 'काच' हा शब्द दुसऱ्या वाक्यात अशा उत्तरार्धात ठेवला, म्हणून तिसरे वाक्य 'ही काच' असे उचलून पुढे जाऊ शकले. पुढे 'दाब' आला आणि चौथ्या वाक्याने 'एवढा दाब' म्हणून तो धागा पकडला. 'खड्डाही' यातला 'ही' आणि 'ज्वालामुखीनेच' यातला 'च' काढून टाका, म्हणजे जुन्या अभ्यासकांचा तर्क कसा चालला होता ते दिसेनासे होते. जोडकामाची एवढी बारीक अवजारे आपल्या भाषेत असताना आपण प्रत्येक वाक्याच्या आरंभी 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' लिहीत सुटतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

जुन्या मोडी कागदांत शब्दांमधली जागाही सोडलेली नसे, मग परिच्छेद कुठला? विरामचिन्हे मराठीत रुजली ती छपाईच्या काळात, आणि त्या कामी इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. तत्पूर्वी 'ऐशास', 'सबब', 'येणेप्रमाणे' असले शब्दच वाचणाऱ्याला सांगत, की विषय आता वळला किंवा संपला. आपण आत्ता हे भाषण ऐकत आहात, म्हणजे माझ्या कागदावरची मोकळी जागा आपल्यालाही दिसत नाही. म्हणून लिहून झालेला परिच्छेद कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि विषय कोठे वळला हे त्या माणसाला कागद न पाहता कळले का, ते विचारावे.

परिच्छेद किती लांब असावा, याचा ठराविक नियम नाही. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर तो आखूड लागतो, ग्रंथात पानभर चालला तरी खपतो. उठसूट एका वाक्याचा परिच्छेद करण्याची हल्लीची सवय मात्र मला पसंत नाही. तेथे वाक्यात नसलेले वजन मोकळ्या जागेकडून उसने घेतलेले असते. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी सुभाषितवजा वाक्य ठेवणे. ते खोडून पाहावे. उत्तर आधीच पूर्ण झालेले असते.

राहिली उरलेली वाक्ये. पाणी गुलाबी का झाले, याचे उत्तर क्षारप्रिय सूक्ष्मजीवांकडे जाते, तेव्हा त्याचा परिच्छेद वेगळा आणि पाण्याच्या खारटपणाचे वाक्य त्याच्या आरंभी. रामसरचा दर्जा पाणथळ जागांच्या संरक्षणाशी निगडित, म्हणून तो आणखी पुढे. दैत्यसूदनाच्या मंदिराचे वाक्य भूशास्त्राच्या लेखात कोठेच बसत नसेल, तर निर्धास्तपणे काढावे. परंतु खड्डा कसा झाला याविषयी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या काय सांगत आले, हा प्रश्न लेखात घ्यायचा ठरला, तर विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात लवणासुराला मारल्याची कथा सांगावी लागेल, आणि मग मंदिराचे तेच वाक्य त्या परिच्छेदाच्या अगदी आरंभी येईल.