दोन छोटे कॅमेरे आणि खिशातला तिसरा

श्रोतेहो, नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला किंवा घरात लग्नाची तारीख ठरली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक घरांत कॅमेरा घेण्याचा विषय निघतो आणि चार जणांचे सल्ले ऐकून झाल्यावर तो हमखास दोन मॉडेलांपाशी येऊन अडतो. अशाच दोन छोट्या, कमरेच्या पाऊचमध्ये मावणाऱ्या कॅमेऱ्यांची तुलना आज आपण करणार आहोत. एक आहे कॅनन कंपनीचा 2018 मध्ये आलेला पॉवरशॉट एसएक्स740 एचएस आणि दुसरा त्याच कंपनीचा 2019 मध्ये आलेला पॉवरशॉट जी7 एक्स मार्क 3. नावे लांबलचक आहेत, म्हणून पहिल्याला मी एसएक्स म्हणेन आणि दुसऱ्याला जी7. दोन्ही एकाच कंपनीचे मुद्दाम निवडले आहेत. नाहीतर कंपनी कोणती चांगली या वादातच वेळ संपतो आणि यंत्राकडे पाहायचे राहून जाते.

माहितीपत्रकावर नजर टाकली तर हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. एसएक्सचे मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख बिंदू) 20.3 आहेत, जी7चे 20.1. बॅटरी आणि कार्डासह एकाचे वजन 299 ग्रॅम भरते, दुसऱ्याचे 304 ग्रॅम. दोन्हींत एनबी-13एल ही एकच बॅटरी बसते आणि जपानी कॅमेरा उद्योगाच्या ठरलेल्या चाचणीपद्धतीनुसार एका चार्जिंगमध्ये एसएक्स 265 तर जी7 235 फोटो काढतो. म्हणजे यात्रेला किंवा लग्नाला निघताना दुसरी बॅटरी खिशात ठेवणे दोन्ही बाबतींत आलेच. दोघांचाही पडदा वर वळतो, दोघेही 4के व्हिडिओ घेतात. तरीसुद्धा जी7ची किंमत एसएक्सपेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि मग गिऱ्हाईक विचारतो की मेगापिक्सेल तेवढेच असताना हे जादा पैसे कशाचे? प्रश्न अगदी रास्त आहे.

हे पैसे सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीचे आहेत. जी7चा सेन्सर 13.2 मिलिमीटर रुंद आणि 8.8 मिलिमीटर उंच आहे, तर एसएक्सचा साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर. क्षेत्रफळ काढले तर जी7चा सेन्सर एसएक्सच्या चौपट भरतो. दोघांवर बिंदू मात्र जवळजवळ सारखेच, सुमारे दोन कोटी. त्यामुळे जी7चा प्रत्येक बिंदू सुमारे 2.4 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, रुंद आहे आणि एसएक्सचा जेमतेम 1.2 मायक्रॉन. त्यातच जी7ची लेन्स रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ 1.8 पर्यंत उघडते, एसएक्सची एफ 3.3 पर्यंत (हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे), या एका फरकामुळे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जी7मध्ये तिप्पटीहून अधिक प्रकाश पडतो. मेगापिक्सेलबद्दल एवढेच सांगतो की सहा बाय चार इंचाच्या उत्तम छपाईला दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे अधिक पुरतात. बाकीचे अठरा मेगापिक्सेल कापाकापीला उपयोगी पडतात आणि जाहिरातीलाही.

आता हा फरक आपल्याकडच्या एका प्रसंगावर लावून पाहू. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. रस्त्यावरचे दिवे, चित्ररथावरची रोषणाई आणि मधे अंधाराचे पट्टे, अशा प्रकाशात लेझीम खेळणाऱ्या मुलांचा फोटो घ्यायचा आहे. हात आणि पाय फारसे पुसट होऊ नयेत म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याची वेळ, सेकंदाच्या 125व्या भागाइतके तरी जलद ठेवावे लागेल. समजा तिथल्या प्रकाशात जी7ला एफ 1.8 वर आयएसओ, म्हणजे प्रकाशाला दाद देण्याची पातळी, 1250 ठेवून काम भागते. त्याच जागी, तेवढ्याच शटरवर एसएक्सला आयएसओ 4200 च्या आसपास लागेल, आणि त्याची मर्यादाच 3200 आहे. म्हणजे एकतर फोटो काळपट येणार, नाहीतर शटर सावकाश करावे लागणार आणि लेझीम धुरकट दिसणार. जी7 इथे निर्दोष आहे असे नाही. त्याचा ऑटोफोकस प्रतिमेतला उठाव मोजत पुढे-मागे चाचपडणारा आहे, त्यामुळे अंधारात धावत्या माणसावर तो कधीकधी अडखळतो. झूम करून 100 मिलिमीटरच्या टोकाला (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) गेल्यावर लेन्सही एफ 2.8 पर्यंतच उघडते, तेव्हा त्यालाही आयएसओ तीन हजारांच्या घरात न्यावा लागतो. पण त्याची मर्यादा 12800 आहे, म्हणून हातात काहीतरी उरते.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की निकाल लागला, जी7 घ्यावा. थांबा. या तुलनेत तिसरा गडी आहे आणि तो आधीच आपल्या खिशात आहे. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 मध्ये जगभरात सुमारे 10 कोटी 86 लाख छोटे, लेन्स न बदलणारे कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 मध्ये ती संख्या सुमारे 17 लाखांवर आली. एवढी माणसे फोटो काढायची थांबली नाहीत, ती मोबाईलने काढू लागली. म्हणून माझ्या मते या दोन कॅमेऱ्यांची एकमेकांशी तुलना करण्याआधी प्रत्येकाची तुलना आपल्या मोबाईलशी करायला हवी, कारण जे काम मोबाईल करतो त्यासाठी पुन्हा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मोबाईल रात्री काय करतो? तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते आतल्या आत जुळवतो आणि त्यातून स्वच्छ चित्र तयार करतो. कपिलेश्वर मंदिराचा दिव्यांत उजळलेला परिसर किंवा घरातल्या गौरी-गणपतीची आरास अशा जागच्या जागी असलेल्या गोष्टींना ही युक्ती इतकी छान लागू पडते की बऱ्यापैकी महागडा मोबाईल असेल तर जी7चा फायदा पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. मात्र समोरचे माणूस हलले की जुळवाजुळव फसते. हात दोनदा उमटतो, चेहरा मेणाचा दिसतो. जी7चे खरे दाम वसूल होतात ते अंधारात हलणाऱ्या माणसांवर: हळदीच्या रात्रीचा नाच, गोंधळ, ढोलपथक, मंडपात पळणारी नातवंडे. असे फोटो आपल्या घरात निघत नसतील, तर जी7च्या किमतीचा मोठा भाग वाया जातो, हे मी स्पष्टच सांगतो.

एसएक्सची गोष्ट वेगळी. त्याचा झूम 40 पट आहे, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत 24 पासून 960 मिलिमीटरपर्यंत. जी7 100 मिलिमीटरवर थांबतो. आता कोणी म्हणेल, जी7चा फोटो घरी आणून कापून मोठा करू. हिशेब करून पाहा. 100 चे 960 करायचे तर लांबी आणि रुंदी दोन्हींना 9.6 ने भागावे लागते, आणि दोन कोटी बिंदूंपैकी हाती उरतात सुमारे दोन लाख अठरा हजार. त्यात बगळा आहे की करकोचा एवढे कळेल, पिसे मोजता येणार नाहीत. बहुतेक मोबाईलही या अंतराला हात टेकतात. हिवाळ्यात घटप्रभेच्या पाणवठ्यावर उतरणारे पाहुणे पक्षी, राजहंसगडाच्या तटावरून दिसणारे एखाद्या देवळाचे शिखर, शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावणारा मुलगा, हे सगळे एसएक्सच्या टप्प्यात येते.

पण 40 पट झूम हा आकडा माणसाला फसवतोसुद्धा. पूर्ण झूमवर लेन्स एफ 6.9 इतकीच उघडते आणि हाताचा कंप चाळीस पटींनी वाढून दिसतो. जुन्या हिशेबाप्रमाणे 960 मिलिमीटरला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके हवे. कॅमेऱ्यातली कंपरोधक योजना ते 125व्या भागापर्यंत सैल करू देते, परंतु ती आपला हात सावरते, पक्ष्याचा पंख नाही. कडक उन्हात आयएसओ 200 वर हजारावा भाग सहज मिळतो. पावसाळी ढगाळ हवेत त्याच कामाला 1600 ते 3200 लागतात आणि लहान सेन्सरवर तेव्हा रंगीत दाणे उठतात. म्हणून घटप्रभेच्या उघड्या पाण्यावर जो कॅमेरा शोभून दिसतो, तोच भीमगडच्या किंवा दांडेलीच्या दाट झाडीत धनेशाचा फोटो घेताना केविलवाणा होतो. आणखी एक गोष्ट कोणताही विक्रेता सांगणार नाही. एफ 6.9 वर प्रकाशाच्या स्वभावामुळेच एका ठिपक्याचा सुमारे 9 मायक्रॉनचा गोल होतो, आणि एसएक्सचा बिंदू 1.2 मायक्रॉनचा आहे. त्यामुळे पूर्ण झूमवर वीस मेगापिक्सेल केवळ फाइलच्या आकारात असतात, तपशिलात नसतात. वर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या रानावरची हवा थरथरते, तेव्हा लेन्स कितीही चांगली असली तरी दूरचे चित्र वितळल्यासारखेच येते. दसरा-दिवाळीच्या सुमाराची सकाळ या कॅमेऱ्याला सर्वांत मानवते.

लहानसहान फरक भराभर सांगतो. बोटाने स्पर्श करून फोकस करण्याची सोय जी7च्या पडद्यावर आहे, एसएक्सच्या नाही. बाहेरचा माइक जोडायची जागा जी7ला आहे, म्हणून कीर्तन किंवा मुलाखत टिपणाऱ्यांनी तिकडेच पाहावे. कच्ची, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली रॉ फाइल फक्त जी7 देतो. जी7 टाइप-सी केबलने चार्ज होतो, मात्र त्यासाठी पॉवर बँक पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी प्रकारची लागते. डोळा लावून पाहायची खिडकी दोघांनाही नाही, त्यामुळे भर उन्हात पडदा दिसत नाही अशी तक्रार दोघांबद्दलही येणारच.

माझा कल विचाराल तर तो असा. खेड्यात राहणारा, शेत, डोंगर, पक्षी, मैदानी खेळ यांत रमणारा आणि जवळ बरा मोबाईल असलेला माणूस एसएक्सने सुखी होईल, आणि पैसेही वाचवील. ज्याच्या घरात कार्यक्रम संध्याकाळनंतरच रंगतात, किंवा ज्याला व्हिडिओतला आवाज महत्त्वाचा आहे, त्याने जी7साठी थांबून पैसे साठवावेत. दोन्ही हवे असे म्हणणाऱ्याला मी काही सुचवू शकत नाही, कारण या आकाराच्या कॅमेऱ्यात ते मिळत नाही.

खरेदीच्या आधी दुकानात एक परीक्षा मात्र जरूर करा. स्वतःचे कार्ड घेऊन जा. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, सोबत्याला हात हलवायला सांगून दोन्ही कॅमेऱ्यांनी आयएसओ 1600 वर फोटो घ्या. मग दारात येऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाची पाटी पूर्ण झूमवर टिपा. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात पाट्यांची वानवा नाही. पाटीची भाषा कोणती असावी हा आपल्याकडे वेगळा आणि मोठा विषय आहे. आपल्याला तूर्त फक्त अक्षरांच्या कडा पाहायच्या आहेत. निर्णय कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर करू नका, कारण त्यावर सगळेच फोटो सुंदर दिसतात. कार्ड घरी आणून संगणकावर फोटो पूर्ण आकारात उघडा. छोट्या कॅमेऱ्यांची मागणी घटल्यामुळे दोन्ही मॉडेल एकाच दुकानात मिळतीलच असे नाही. तेव्हा वेगवेगळ्या दुकानांत हीच परीक्षा घ्या.

कोल्हापूरला किंवा गोव्यात स्वस्त मिळेल का, हा प्रश्न सीमाभागात नेहमी येतो. कराच्या बाजूने पाहता तसे कारण आता उरलेले नाही. 1 जानेवारी 2019 पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि तो हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सारखाच लागतो. दुकानदाराची सवलत कमी-जास्त असू शकते, पण तिच्यातून जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. बिल पक्केच घ्या, बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा, आणि वॉरंटी भारतातली आहे ना याची खात्री करा. बाहेरून परस्पर आणलेला माल बिलाशिवाय स्वस्त पडतो खरा, पण पुढे दुरुस्तीची वेळ आली की सगळा खर्च आपल्याच अंगावर पडतो.

जुना कॅमेरा घेत असाल तर लेन्स पूर्ण बाहेर काढून समोरून टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते. त्यानंतर पांढऱ्या भिंतीचा किंवा स्वच्छ आकाशाचा फोटो घ्या; त्यात दर वेळी त्याच जागी करडा डाग दिसला तर सेन्सरवर धूळ बसली आहे असे समजा. या दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, म्हणून ती धूळ काढायला सगळा कॅमेरा खोलावा लागतो. या दोन्हींपैकी कोणताही कॅमेरा पाण्यापासून बंदिस्त नाही, त्यामुळे गोकाकच्या धबधब्याजवळच्या तुषारांत तो फार वेळ उघडा ठेवू नये. जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. तिथे कॅमेरा कातडी पाऊचमध्ये ठेवू नका, कातडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा डब्यात ठेवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून लेन्स दोन-चार वेळा पुढे-मागे करा.

नमस्कार.