निक्सन हरले ते घामामुळे?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या अध्यक्षीय डिबेटचा विषय निघाला की १९६० सालचा किस्सा हमखास सांगितला जातो. २६ सप्टेंबरची रात्र, शिकागोतला सीबीएस वाहिनीचा स्टुडिओ, समोरासमोर ४३ वर्षांचे सिनेटर जॉन केनेडी आणि ४७ वर्षांचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन. टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. आपण रेडिओवाले, त्यामुळे हा किस्सा आपल्याला भारी आवडतो. पण त्याचा पुरावा तोकडा आहे. सगळी भिस्त मुख्यतः एका पाहणीवर, आणि तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते.

पडद्यावर निक्सन पडेल दिसले, हे मात्र खरं. ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर गुडघा आपटला, जखम चिघळली आणि ऐन प्रचारात इस्पितळात पडून राहावं लागलं. वजन उतरलेलं, कॉलर सैल. राखाडी सूट मागच्या राखाडी भिंतीत विरून गेलेला. दाढीची सावली झाकायला पावडर थापलेली आणि हनुवटीवर घाम. शेजारी केनेडी गडद सुटात, उन्हात रापलेले, टवटवीत.

पण डोळे मिटून ऐका, तरी फरक कळतो. विषय ठरला होता देशांतर्गत प्रश्नांचा. केनेडींनी सुरुवातच लिंकनपासून केली. १८६० मध्ये प्रश्न होता, हा देश अर्धा गुलाम, अर्धा स्वतंत्र असा राहू शकेल का. आज तोच प्रश्न जगाबद्दल आहे, असं म्हणत त्यांनी सोव्हिएत नेते क्रुश्चेव्हना थेट अमेरिकेच्या घरगुती चर्चेत आणून बसवलं. मग निक्सन उठले आणि पहिल्यांदा काय म्हणाले, तर सिनेटरसाहेबांच्या बऱ्याच गोष्टी आपल्याला मान्य आहेत! मतभेद उद्दिष्टांचा नाही, मार्गांचा, हाच त्यांचा सूर. पुढे ते वकिलासारखे एकेक मुद्दा खोडत राहिले. मुद्देसूद बोलले, पण अजेंडा केनेडींचा.

त्यात पत्रकार सँडर व्हॅनोकर यांनी निक्सनना एक जुनं उत्तर ऐकवून वर्मावर बोट ठेवलं. निक्सन यांची एखादी मोठी कल्पना तुम्ही स्वीकारलीत का, असं विचारल्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर महिनाभरापूर्वी म्हणाले होते, आठवडा द्या, एखादी आठवेल. अनुभव हाच ज्यांचा हुकमी एक्का, त्यांना यावर सारवासारव करावी लागली. ही जखम कुठल्या पावडरीने झाकणार?

पुढच्या तीन फेऱ्यांत निक्सन सावरले. निवडणूक केनेडींनी जिंकली, पण जवळजवळ सात कोटी मतांत फरक सव्वा लाखाहूनही कमी. इतक्या निसटत्या निकालाचं खापर घामावर फोडा, नाहीतर गुडघ्यावर. कोण खोडून काढणार?

निक्सन १९६८ आणि १९७२ मध्ये पुन्हा उभे राहिले, दोन्ही वेळा निवडून आले. आणि दोन्ही वेळा त्यांनी डिबेटला साफ नकार दिला.