उस्तादाची सीट

(निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत चालक आणि गाडीमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे थोडं आवरून घेतलेलं रूप.)

नमस्कार मंडळी. वर येण्याआधी चहा घेत होतो, तेव्हा एका पोरानं विचारलं, "काका, किती दिवसांत गाडी एकट्याच्या हातात मिळते?" मी विचारलं, "भरलेली का रिकामी?" तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. आज मला बोलायचंय ते त्याच प्रश्नाबद्दल, त्यामुळे त्यानं पुढच्या खुर्चीवर येऊन बसायला हरकत नाही.

कायद्याचं आधी उरकून टाकू. ट्रकच्या लायसनसाठी वय २० पाहिजे, हलक्या गाडीचं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अवजड गाडीचं शिक्षण कमीत कमी ३० दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १५ तास. शिकाऊ लायसन आहे तोवर शेजारी पक्कं लायसनवाला शिकवणारा बसलाच पाहिजे. पक्कं लायसन मिळालं की दुसऱ्या दिवशी २८ टनांची दहा टायर तुमची. शेजारी कुणी आहे का असं मग कुणी विचारत नाही.

आता १५ तास म्हणजे किती, ते बघा. भरलेली गाडी पुण्याहून नागपूरला न्यायची म्हटली तर सातशे किलोमीटर. जेवण, डिझेल, टोल सोडून निव्वळ चालवायचेच पंधरा-सोळा तास होतात. म्हणजे पोराचं सगळं शिक्षण नागपूरला पोचायच्या आत संपतं. आणि ते पण बहुतेक रिकाम्या गाडीवरचं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही दोन वेगळी जनावरं आहेत. रिकामी आपण म्हणू ते ऐकते. भरलेली आधी विचार करते, मग ऐकते, आणि उतारावर कधी कधी ऐकतच नाही.

आमच्या वेळी शाळा नव्हती, क्लीनरकी होती. मी चार वर्षं क्लीनर होतो. पहिल्या वर्षी स्टेअरिंगला हात लावायची सोय नव्हती. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन टायर ठोकायचे, आवाज बद्द आला की हवा कमी. मागच्या जोडटायरमध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघायचं, कारण तोच दगड पुढे टायर फोडतो. ताडपत्री, रस्सा, चढावर थांबलं की पळत जाऊन चाकाखाली गुटका, म्हणजे चाक अडवायचा ठोकळा. गाडी मागे घेताना बॉडीवर थाप मारायची: एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. माझ्या हातात गाडी आली तेव्हा ती किती लांब आहे हे मला तळहाताला माहीत होतं. पहिल्यांदा स्टेअरिंग मिळालं ते सोलापूर रोडला भिगवणच्या पुढे, रात्री दोनला, गाडी रिकामी. उस्ताद, म्हणजे ज्याच्या हाताखाली मी शिकत होतो तो ड्रायव्हर, तंबाखू मळत बसला होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यानं, रस्त्याकडेच बघत होता.

पण म्हणून "जुनं ते सोनं" म्हणायला मी आलेलो नाही. उस्ताद मारायचे. पगार म्हणाल तर जेवण आणि वर थोडे पैसे. आणि चुकीचंही तितक्याच प्रेमानं शिकवायचे. माझ्या उस्तादानं मला उतारावर न्यूट्रल शिकवलं.

हे जरा नीट सांगतो, कारण साताऱ्याकडून येणारा प्रत्येक ड्रायव्हर नवीन कात्रजचा बोगदा संपला की याच परीक्षेला बसतो. बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. मालक ट्रिपला डिझेल ठरवून देतो, वाचेल ते ड्रायव्हरचं. मग न्यूट्रल मारायचं, काही बहाद्दर इंजिनसुद्धा बंद करतात. गिअर काढला की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग नाही, सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. दाबत राहिलं की ड्रम तापतो, त्याला आतून घासणारं लायनर तापतं, पकड सुटते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो; इंजिन बंद असेल तर ती हवा भरणारा कॉम्प्रेसर पण बंद. मग प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी कमी होत जाते आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच उतारावर एका टँकरच्या अपघातात ४८ च्या आसपास गाड्यांचं नुकसान झालं, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

मी ते टीव्हीच्या बऱ्याच आधी पाहिलं. कोल्हापूरहून कास्टिंग भरून चाकणला निघालो होतो. एकटाच, कारण क्लीनर गावाला गेला होता. बोगद्यातून निघालो, सवयीनं न्यूट्रल. पहिल्यांदा वास आला. जळक्या लायनरचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही, केस जळल्यासारखा. मग पायाखाली ब्रेक खोल जायला लागला. गिअर टाकायला गेलो तर खर्र आवाज आला, पण बसेना. सर्व्हिस रोडच्या कडेला मुरमाचा ढीग होता, त्यात घातली. बंपर, रेडिएटर, एक हेडलाइट गेला. माणूस कुणी नव्हता, हे माझं नशीब, माझी हुशारी नव्हे. तिथं बसलो आणि मला उस्तादाचा राग आला. मग लक्षात आलं की तो शेजारी असता तरी मी न्यूट्रलच मारलं असतं, कारण त्यानं शाबासकी दिली असती.

म्हणून एकट्यानं सुरू करावं की उस्तादाबरोबर, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, उस्ताद कोण ते आधी सांग. वाईट उस्तादाबरोबर पन्नास ट्रिपा मारलेला पोरगा एकट्यानं सुरू केलेल्या पोराइतकाच धोक्याचा, वर त्याला आपण शिकलोय असं वाटतं ते वेगळंच.

परदेशातही हे काही सुटलेलं नाही. अमेरिकेत २०२२ च्या फेब्रुवारीपासून नव्या ड्रायव्हरला नोंदणी केलेल्या शिक्षकाकडून शिक्षण सक्तीचं झालं, पण रस्त्यावर किती तास चालवायचं याचा आकडा त्या नियमात नाही. जमलं की नाही ते शिकवणारा ठरवतो. त्यानंतर बऱ्याच मोठ्या कंपन्या नव्या पोराला काही आठवडे ट्रेनरबरोबर एकाच केबिनमध्ये ठेवतात. दोघं तिथंच राहतात, तिथंच झोपतात. आणि तिथली तक्रार काय, तर ट्रेनर मागच्या बर्थवर घोरतो आणि पोरगा एकटाच चालवतो! ऐकून मला आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

आता मालक मंडळी, तुमच्याकडे वळतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत असा नियम होता, तो २०१८ मध्ये निघाला. नियम होता तेव्हाही दुसरा ड्रायव्हर कित्येकदा कागदावरच असायचा, हे इथं कुणाला सांगायला नको. पण त्या नावाखाली एखादा पोरगा तरी डाव्या सीटवर असायचा. आता ती सीट रिकामी. क्लीनरला भत्ता परवडत नाही म्हणता, ठीक आहे. मग पोरगा शिकणार कुठं? पोरांचंही सांगतो. त्यांना एकट्यानं जायचंय कारण ट्रिपचा भत्ता वाटून घ्यावा लागत नाही, आणि गावात "ड्रायव्हर झाला" म्हणतात. त्यात गैर काही नाही. मलाही चौथ्या वर्षी तसंच वाटत होतं.

माझ्याकडे पोरगा आला की मी दिवस मोजत नाही. सुरुवातीला तो डावीकडे बसून मोठ्यानं बोलतो: समोर काय दिसतंय, मी गिअर का बदलला, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा कुठं आहे. बोलताना अडखळला की कळतं, बघत नव्हता. नंतर रिकामी गाडी त्याच्या हातात. नंतर भरलेली, आधी चढावर, मग उतारावर. जुना नियम अजून खराच आहे: ज्या गिअरात घाट चढतोस त्याच्यापेक्षा वरच्या गिअरात उतरायचं नाही, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. शेवटी एक अख्खी फेरी, जाऊन येऊन, मी तोंड उघडायचं नाही. ही अट पोरावर नाही, माझ्यावर आहे. फार अवघड जाते. हँडल घट्ट धरून बसतो, पायाखाली ब्रेक नसताना दाबतो.

गेल्या वर्षी एका पोरानं कोल्हापूर-चाकण फेरी अशी सुरेख आणली की मी मनात त्याला पास करून टाकलं. बोगद्याच्या आत गिअर, एक्झॉस्ट, सगळं जागच्या जागी. चाकणला कंपनीच्या डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या धक्क्याला, गाडी लावताना मात्र खाली उतरून मागे बघितलंच नाही. आरशात बघून घ्यायला लागला. मी गप्प. वॉचमन ओरडला तेव्हा शटर हातभर राहिलं होतं. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी काचेतून बाहेर. त्याला अजून एक फेरी लागली, आणि त्या फेरीत तो तीन वेळा उतरला. एकदा तर काही गरज नसताना.

भत्त्याचं कोण बघणार, हा प्रश्न मागून येतोय, ऐकू आला. माझं उत्तर मालकांना आवडणार नाही: शिकणाऱ्याच्या फेऱ्यांना वाचलेल्या डिझेलवर काही ठेवू नका, ठरलेला भत्ता द्या. उस्तादालाही आणि पोरालाही. डिझेल वाचवून पैसे मिळणार असतील तर उस्ताद न्यूट्रलच शिकवणार, देवमाणूस असला तरी.

आता बोलणं बास. खाली एक बारा टायर उभी केलीय, सिमेंट भरलेली. चाकाला गुटके लावून, इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबत राहिलं की काटा कसा उतरतो ते दाखवतो. मघाशी प्रश्न विचारलेला पोरगा केबिनमध्ये बसेल. बाकीच्यांनी गाडीच्या पुढे उभं राहू नका.